सव्वा मिली: म्हशीला पूर्ण भूल देण्याआधीची गुंगी

घोड्याला उभ्याउभ्या पेंग आणायची तर झायलाझिन हे गुंगीचं औषध शिरेतून किलोमागे १ मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. ५०० किलोच्या घोड्याला ५०० मिलिग्रॅम, म्हणजे २० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या बाटलीतून २५ मिली. तेवढ्याच वजनाच्या म्हशीला शिरेतून २५ मिलिग्रॅम दिलं तरी ती गुडघे टेकते. २५ मिलिग्रॅम म्हणजे सव्वा मिली. रेसच्या घोड्यांवर हात बसलेला कोणी डॉक्टर पहिल्यांदा तबेल्यात आला की त्याने भरलेली सिरिंज आम्ही आधी बघतो. म्हशीच्या कामाला झायलाझिन २ मिलीच्याच सिरिंजमध्ये भरायचं, हा आमचा नियम. मोठी सिरिंज हातात आली की हातही मोठा होतो. बाहेरच्या देशांत घोड्यांसाठी १०० मिलिग्रॅम प्रति मिलीची बाटली मिळते. ती कुणी आणून पेटीत ठेवली असेल तर तोच सव्वा मिली पाचपट होतो. म्हणून मिली बोलायचंच नाही. आधी मिलिग्रॅम बोलायचे, मग बाटलीवरचं वाचून मिली काढायचे.

भिवंडी-कल्याण पट्ट्यातल्या तबेल्यांतल्या मुऱ्हा आणि जाफराबादी म्हशी, मुरबाड-शहापूरकडचे बैल आणि डांगी गुरं, हे आमचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्यांतल्या बहुतेकांना पूर्ण भूल लागतच नाही. पोट उघडून चाऱ्याबरोबर गिळलेली तार काढायची, सिझेरियन करायचं, शिंग कापायचं, सडाची जखम शिवायची, हे सगळं जागा बधिर करून होतं, त्यातलं बरंचसं उभ्या जनावरावर. पूर्ण भूल लागते ती मुख्यतः म्हशीचा छाती-पोटामधला पडदा फाटून जाळीपोट (जठराचा पुढचा कप्पा) छातीत शिरलं असेल तेव्हा, किंवा हाडाच्या मोठ्या कामाला. पडद्याच्या म्हशीला यंत्राने श्वास द्यावाच लागतो, कारण पोटातून पडद्याकडे गेलं की छातीतली पोकळी उघडी पडते आणि फुप्फुस आपसूक फुगत नाही. अशी म्हैस परळच्या बैलघोड्यात, म्हणजे तिथल्या जनावरांच्या मोठ्या दवाखान्यात न्यायची. बाकीचं शिरेतल्या भुलीवर गोठ्यात निभतं.

टेम्पोत चढवण्याआधी गुंगी द्यायची नाही. मालक हमखास म्हणतो, ‘‘डॉक्टर, थोडी सुई मारा ना, गप उभी राहील.’’ गप उभी राहत नाही, बसते. मुंब्रा बायपासवर गाडी तासभर अडकली आणि म्हैस टेम्पोत आडवी झाली तर मान वळून, पोट फुगून तिथेच जायची. पहाटे ४ वाजता, ऊन चढायच्या आत, दोन बाजूंनी दावं बांधून आणि खाली पेंढा टाकून न्यायची.

वजन अंदाजाने धरू नये. मालकाच्या तोंडी प्रत्येक म्हैस सहाशे किलोची असते. पडद्याची म्हैस तर महिनाभर नीट खात नसते. ढेरी मोठी दिसते, पाठीवर मांस नसतं. कोपराच्या मागून छातीचा घेर इंचांत आणि खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडापर्यंत लांबी इंचांत घ्यायची. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ६६०, की किलोत वजन येतं. घेर ७८ आणि लांबी ६० असेल तर साधारण ५५३ किलो. शिंप्याची टेप ६० इंचांचीच असते, म्हशीच्या छातीला पुरत नाही. सुतळी गुंडाळून गाठ मारायची आणि मग ती जमिनीवर अंथरून मोजायची. पोटाचा घेर मोजायचा नाही, तिथे गॅसचंही वजन धरलं जातं.

उपास हा भुलीचाच भाग आहे. मोठ्या जनावराची वैरण २४ ते ३६ तास बंद, पाणी १२ तास बंद. मे महिन्यात पाणी त्याहून जास्त तोडू नये. महिन्याच्या आतल्या वासराला किंवा रेडकाला उपास नको, त्याची साखर उतरते. मोठ्या जनावराचं कोटीपोट, म्हणजे चारा आंबवणारं पहिलं मोठं पोट, उपासाने रिकामं होत नाही, फक्त आंबणं कमी होतं आणि गॅस कमी धरतो. तबेल्यात अडचण वेगळीच: समोरची गव्हाण रिकामी केली तरी रात्री म्हैस शेजारणीच्या गव्हाणीत तोंड घालते, नाहीतर खालचा पेंढा खाते. वेगळी बांधायची आणि मुसकं घालायचं. सकाळी मुसक्यात काड्या सापडल्या तर ते काम दुसऱ्या दिवशी. पडद्याच्या म्हशीचं कोटीपोट आधी उभ्याने, लिग्नोकेनवर (जागा बधिर करणारं औषध) उघडून रिकामं करतात, तार-खिळा असेल तर काढतात, आणि एकदोन दिवसांनी पूर्ण भूल देऊन पडदा शिवतात. पोट रिकामं असलं की भुलीचं निम्मं संकट टळतं.

आता गुंगी का द्यायची? केटामाइन हे पूर्ण भुलीचं औषध एकटं टोचलं तर गुरं ताठ होतात, पाय मारतात, झटक्यासारखं दिसतं. थायोपेंटोन हे भुलीचं दुसरं औषध एकट्याने द्यायचं तर इतकं लागतं की जनावर उठायला अर्धा दिवस घेतं. आधी गुंगी असली की दोन्ही कमी लागतात, जनावर हळू बसतं, माणसं चेंगरत नाहीत. एवढ्यापुरतं बघितलं तर झायलाझिनच्या तोडीचं काही नाही. पण रवंथ करणाऱ्या जनावरात प्रत्येक गुंगीच्या औषधाला तीन प्रश्न विचारायचे असतात: कोटीपोटाचं काय करतं, श्वासाचं काय करतं, आणि चुकलं तर परत फिरवता येतं का. जनावर किती गाढ झोपलं हा चौथा प्रश्न, आणि तो शेवटचा.

झायलाझिन कोटीपोट थांबवतं. जनावराला ढेकर येईनाशी होते. आडवं केल्यावर अन्ननलिकेचं तोंड पातळ चोथ्याखाली बुडतं आणि गॅस वर अडकतो. फुगलेलं पोट पडद्यावर दाब देतं, खालचं फुप्फुस दबतं, रक्तातला प्राणवायू उतरतो. शिवाय औषधाचा स्वतःचा परिणाम असतोच: नाडी ६०-७० वरून ४० पर्यंत येते, रक्तदाब आधी वर जाऊन मग खाली येतो. लाळ धो धो वाहते. साखर चढते, कारण इन्शुलिन दबतं, आणि लघवी खूप होते. नुसत्या लघवीचं हसू येतं, पण मुतखड्याने अडलेल्या रेडकाला झायलाझिन दिलं तर लघवीचा भरलेला फुगा आणखी भरतो आणि फुटतो. तिथे ते नाहीच द्यायचं. गाभण म्हशीत शेवटच्या तीन महिन्यांत गर्भाशय आवळतं, आणि पडदा फाटलेल्या म्हशी पुष्कळदा नेमक्या गाभण किंवा नुकत्या व्यालेल्या असतात. म्हणून सुईआधी मालकाला विचारायचंच: ‘‘काका, किती महिने झाले?’’ त्याचं उत्तर ऐकून घ्यायचं आणि तरी गुदद्वारातून हात घालून खात्री करायची.

मात्रेची शिडी अशी. उभं ठेवून शांत करायचं असेल तर शिरेतून किलोमागे ०.०१ ते ०.०३ मिलिग्रॅम. खाली बसवायचं असेल तर ०.०५, फार तर ०.१. मांसातून द्यायचं तर साधारण दुप्पट, ०.१ ते ०.२. शिरेतून दोन-तीन मिनिटांत डोळ्यांची पापणी उतरते, खालचा ओठ लोंबतो, मान खाली येते, शेपटी सैल पडते. मांसातून १० ते १५ मिनिटं लागतात. वेदना कमी होण्याचा काळ अर्धा तास, पेंग तास-दोन तास.

चूक कुठे होते, तर त्या १५ मिनिटांत. सुई दिली, म्हैस अजून टक लावून बघतेय, मालक घाईत, कोणीतरी बादली आपटतो, कोणी शेपूट पिळतो. घाबरलेल्या जनावरात स्वतःचं अ‍ॅड्रेनलिन वाहत असतं, त्यापुढे औषध फिकं पडतं. मग दुसरा डोस जातो. विसाव्या मिनिटाला दोन्ही डोस मिळून काम करतात आणि म्हैस इतकी खाली जाते की नाडी ३० वर येते. पहिली सुई देताना सगळ्यांना बाहेर काढायचं, बत्ती मंद करायची, डोळ्यांवर गोणपाट टाकायचं, घड्याळ बघायचं. मांसातल्या सुईनंतर २० मिनिटं पुरी होईपर्यंत दुसऱ्या सुईचं नाव काढायचं नाही. आणि मांसातली सुई मांसातच गेली का, हेही बघायचं. म्हशीची कातडी जाड, मानेला चरबी; आखूड सुईने औषध कातडीखाली राहतं आणि लागू होत नाही. दीड इंची १८ गेज लागते.

शिरेतली सुई मानेत. १४ गेजची सुई आधी सिरिंजशिवाय घालायची आणि रक्त बघायचं. काळपट, सावकाश वाहणारं असेल तर ती शीर. तांबडं, उसळ्या मारणारं असेल तर धमनी; तिथे गुंगीचं कुठलंही औषध थेट मेंदूत जातं आणि म्हैस झटके देत जागच्या जागी कोसळते. सुई काढून पाच मिनिटं दाबून धरायचं, दुसऱ्या बाजूने सुरू करायचं. शेपटीच्या शिरेत बारीक मात्रा देता येते, पण शेजारीच धमनी असते. झायलाझिनचे चार-पाच मिलिग्रॅम ठीक. अ‍ॅसप्रोमाझिन हे दुसरं गुंगीचं औषध तिथे देऊ नये.

अ‍ॅसप्रोमाझिन आणि त्याच घराण्यातलं ट्रायफ्लुप्रोमाझिन आपल्याकडे जुने. त्यांच्या बाजूने बोलायचं तर जनावर पडत नाही, श्वास फारसा दबत नाही, कोटीपोट झायलाझिनइतकं थांबत नाही. अ‍ॅसप्रोमाझिन मांसातून किलोमागे ०.०३ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ५०० किलोला १५ मिलिग्रॅम. अर्धा तास थांबावं लागतं आणि परिणाम चार-सहा तास राहतो. पण वेदना काडीमात्र कमी होत नाही. शांत दिसणारी म्हैस टाका घालताना अचानक लाथ मारते. रक्तवाहिन्या सैल पडून रक्तदाब उतरतो, तो सलाईन दिल्यावरही सावकाशच वर येतो. त्यावर उतारा नाही. अन्ननलिकेचं तोंड सैल होऊन चोथा वर येण्याची भीती वाढते. बैलाचं किंवा रेड्याचं लिंग बाहेर येऊन लोंबतं आणि तेवढ्यात पाय पडला की जखम. धडधाकट, पाणी भरपूर असलेल्या जनावराला ठीक आहे. महिनाभर उपाशी, डोळे खोल गेलेल्या पडद्याच्या म्हशीला आम्ही ही औषधं देत नाही. याबाबत आमच्यात मतभेद नाही.

क्लोरल हायड्रेट आता कुणी मागत नाही, पण जुन्या दवाखान्यांच्या कपाटात बाटली असते. तोंडातून मोठ्या गुराला ३० ते ६० ग्रॅम, किंवा शिरेतून पातळ करून. शिरेबाहेर गेलं की मानेचा तुकडा सडून पडतो. झायलाझिन असताना त्याकडे वळायचं कारण नाही.

डायझेपाम आणि मिडाझोलाम श्वासाला आणि हृदयाला सौम्य, स्नायू छान सैल करतात. शेळी, मेंढी, रेडकू यांच्यात हीच पहिली पसंती: किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, आणि मुतखड्याच्या रेडकाला हेच, सोबत शेपटीच्या मणक्यात लिग्नोकेन. डायझेपाम प्रॉपिलीन ग्लायकोलमध्ये विरघळवलेलं असतं, मांसात झोंबतं आणि नीट शोषलं जात नाही. मांसातून द्यायचं असेल तर मिडाझोलामच. मोठ्या म्हशीत मात्र दोन गोष्टी आड येतात. एक, माणसांसाठीच्या कुप्या: ५०० किलोला किलोमागे ०.१ म्हणजे ५० मिलिग्रॅम मिडाझोलाम, आणि १ मिलिग्रॅम प्रति मिलीच्या कुपीतून ते ५० मिली होतं. ५ मिलिग्रॅमवाल्या कुप्याच मागवायच्या. दोन, उभ्या म्हशीला दिलं तर डोकं जागं आणि पाय लुळे. ती घाबरते, भिंतीला धडकते. म्हणून मिडाझोलाम उभ्याने नाही. म्हैस झायलाझिनवर बसली की केटामाइनच्या सोबत.

ब्युटोर्फॅनॉल एकट्याने फारशी पेंग आणत नाही, पण झायलाझिनला जोर देतं आणि वेदना कमी करतं. किलोमागे ०.०२ मिलिग्रॅम म्हटलं तरी ५०० किलोला १० मिलिग्रॅम, म्हणजे २ मिलिग्रॅमच्या पाच कुप्या. खर्च मालकाला आधी सांगायचा. एक म्हैस रोज १०-१२ लिटर देत असेल तर तो पाच कुप्यांना नाही म्हणत नाही. भाकड असेल तर तोंड वाकडं करतो. पण पडद्याच्या म्हशीत या पाच कुप्यांमुळे झायलाझिन ०.०५ वरून ०.०२-०.०३ वर आणता येतं. म्हणजे सव्वा मिलीऐवजी अर्धा ते पाऊण मिली. छातीत जाळीपोट शिरून आधीच दबलेल्या फुप्फुसाला हा फरक कळतो.

डेटोमिडिन झायलाझिनच्याच जातीचं, पण गुरं त्याला घोड्यांपेक्षा जास्त हळवी नाहीत. घोड्याची मात्रा गाईला चालते, आणि लहान मात्रेत जनावर उभं राहतं. किलोमागे ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ५०० किलोला अडीच मिलिग्रॅम. १० मिलिग्रॅम प्रति मिलीच्या बाटलीतून पाव मिली. एवढं थोडं मोजायला १ मिलीची इन्शुलिनसारखी बारीक सिरिंज लागते, आणि सुईच्या बुडात राहिलेला थेंबही हिशेबात धरावा लागतो. कमी मात्रेत गर्भाशयावर झायलाझिनएवढा ताण येत नाही, म्हणून गाभण म्हशीला टाळताच येत नसेल तर आमचा कल याच्याकडे. कोटीपोट मात्र तेही थांबवतं.

डेक्समेडिटोमिडिन सगळ्यांत नेमकं आणि स्वच्छ. किलोमागे २.५ मायक्रोग्रॅमवर म्हैस शांत बसते, पुढे केटामाइन किंवा थायोपेंटोन बरंच कमी लागतं. पण माणसांची कुपी १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलीची असते, ५०० किलोला साडेबारा मिली भरावं लागतं. कुप्या फोडण्यातच दहा मिनिटं जातात. नाडी उतरण्याचा दोष तोच. पैशाचा प्रश्न नसेल तर आम्ही हे झायलाझिनच्या वर ठेवू, पण तबेल्यात पैशाचा प्रश्न असतोच.

अ‍ॅट्रोपिनचं वेगळं. लाळ बघून नवे डॉक्टर लगेच अ‍ॅट्रोपिन काढतात. गुरांत लाळ थांबत नाही, पाण्याऐवजी चिकट दोरी होते, जी श्वासाच्या नळीत अडकते. शिवाय आधीच थांबलेलं कोटीपोट आणखी थांबतं. लाळेवर उपाय औषधाचा नाही, डोक्याच्या ठेवणीचा आहे. नाडी खरोखर ३० च्या खाली गेली तरच अ‍ॅट्रोपिन, किलोमागे ०.०४ मिलिग्रॅम.

थोडं शेळी-मेंढीबद्दल, कारण बकरी ईदच्या आधी जखमी बोकड येतात. बोकडाला झायलाझिन मांसातून ०.०५ च्या वर नको. मेंढीत त्याच औषधाने फुप्फुसात पाणी भरू शकतं. तिथे मिडाझोलामच बरं.

आता सकाळचा क्रम. जागा आधी तयार: काँक्रीटवर शेण-मूत असेल तर धुऊन कोरडी, वर भाताच्या पेंढ्याचा वीतभर थर, त्यावर गोणपाट. पावसाळ्यात हे दुप्पट, कारण गुंगी चढतानाच पाय सटकतात आणि मागचे दोन्ही पाय फाकून म्हैस कायमची बसू शकते. हवा भरलेली ट्रकची ट्यूब शेजारी. खालच्या खांद्याखाली ती घालायची आणि खालचा पुढचा पाय पुढे ओढायचा, नाहीतर खांद्याची नस दबून उठल्यावर पाय लुळा राहतो. उन्हाळ्यात सकाळी दहाच्या पुढे सुरुवात नाही. काळी कातडी, घाम कमी, त्यात झायलाझिन अंगाचं तापमान सांभाळू देत नाही. गुदद्वारातलं तापमान ३९.५ च्या वर असेल तर आधी पाइपने भिजवायची, पंखा लावायचा, उतरल्यावरच सुई.

प्राणवायूचा हिशेब आदल्या दिवशी. मोठ्या म्हशीला नाकातल्या नळीने मिनिटाला १५ लिटर. बी टाइप सिलिंडरमध्ये दीड घनमीटर, म्हणजे १०० मिनिटं. जम्बोत ७ घनमीटर, जवळजवळ पावणेआठ तास. दीड तासाच्या कामाला बी टाइप काठावर पुरतो, म्हणून दोन न्यायचे. पाना सोबत असल्याची खात्री करायची, हे हसण्यावारी नेऊ नका.

नाडी, श्वास, तापमान लिहून झालं की मानेत सुई पक्की करून टाका मारायचा आणि सलाईन चालू. मग झायलाझिन ०.०३ शिरेतून, मिनिटभर घेऊन, पाठोपाठ ब्युटोर्फॅनॉल. पाच मिनिटं थांबायचं. मान खाली आली, की १२ मीटरच्या दोराने मान, छाती आणि कुशीवरून फास घेऊन मागे ओढायचं. गुंगीतली म्हैस दोन माणसांच्या ओढीने गुडघे टेकते. ओढताना एक माणूस फक्त डोक्याशी. छातीवर बसली की लगेच आडवी करायची नाही. बसलेल्या अवस्थेतच केटामाइन किलोमागे २ मिलिग्रॅम, ५०० किलोला १००० मिलिग्रॅम म्हणजे ५० मिलिग्रॅमवाल्या बाटलीतून २० मिली, मिडाझोलामसोबत. केटामाइन शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नोंदीच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. बाटली कुलपात आणि नोंद वहीत, उरलेले मिलीसुद्धा. थायोपेंटोन वापरायचं तर गुंगीनंतर किलोमागे ५-६ मिलिग्रॅम, ५ टक्क्यांचं, आणि ते शिरेबाहेर थेंबभरही जाता कामा नये.

श्वासाची नळी बसलेल्या अवस्थेतच घालायची, डोकं वर उचलून. तोंडात पाचर, जीभ बाहेर, हात आत. म्हशीच्या घशात डोळ्याने काही दिसत नाही. मधल्या बोटाने श्वासनलिकेवरची झडप चाचपायची, ती खाली दाबून दोन कूर्चांच्या मधून नळी सरकवायची. मोठ्या म्हशीला २२ ते २६ मिलिमीटर आतल्या व्यासाची. नळीतून हाताला गरम हवा लागली आणि कुशीबरोबर लय जुळली की नळीवरचा फुगा भरायचा, मगच डोकं खाली. भूल उथळ असताना हात घातला तर जनावर स्वतः जोर लावून चोथा वर आणतं. भूल फार खोल असेल तर चोथा आपसूक वाहतो. दोन्ही वेळा फुगा भरलेला नसेल तर तो फुप्फुसात. हिरवा चोथा नळीतून दिसला की काम थांबलं असंच समजा. त्यातून वाचलेली म्हैस पुढे न्यूमोनियाने जाते. दुसरी नळी कोटीपोटात, गॅस काढायला. मानेखाली उशी अशी की मानेचा मधला भाग उंच आणि तोंड उतरतं, म्हणजे लाळ बाहेर गळते, आत साठत नाही.

यंत्र नसेल तिथे शिरेतलं मिश्रण: ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एका लिटरमध्ये ५० ग्रॅम ग्वायफेनेसिन (स्नायू सैल करणारं), १ ग्रॅम केटामाइन आणि ५० मिलिग्रॅम झायलाझिन. इथेही तोच घोड्याचा सापळा. घोड्याच्या लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम झायलाझिन टाकतात. ती चिठ्ठी म्हशीला वापरली तर उठायचं नाव नाही. ग्वायफेनेसिन ५ टक्क्यांहून दाट केलं तर गुरांत रक्तपेशी फुटून लघवी लाल होते. वेग तासाला किलोमागे २ मिली, म्हणजे ५०० किलोला तासाला एक लिटर. २० थेंबांच्या सेटवर हे मिनिटाला ३३० थेंब होतात, मोजता येत नाहीत. बाटलीवर पट्टी चिकटवून दर १५ मिनिटांना २५० मिलीची खूण करायची आणि पातळी बघायची. पापणीला बोट लावल्यावर मंद हालचाल हवी. डोळा मधोमध स्थिर आणि त्याची बाहुली मोठी झाली तर सलाईन बंद.

कुशीवर दर दहा मिनिटांनी थाप मारून आवाज ऐकायचा. ढोलासारखा आला आणि नळीतून गॅस येत नसेल, तर नळी चोथ्याने तुंबली आहे; बाहेर काढून धुऊन परत घालायची. तरी नाही उतरलं आणि श्वास उथळ झाला, तर डाव्या कुशीत ट्रोकार, म्हणजे गॅस काढायची जाड पोकळ सुई. वेळ घालवायचा नाही.

काम संपलं की सगळ्यात आधी छातीवर बसवायचं, दोन्ही बाजूंनी पेंढ्याचे भारे किंवा भुशाची पोती लावून. पाच मिनिटांत ढेकर येते आणि पोट अर्धं उतरतं. ती ढेकर कुठल्याही उताऱ्याच्या सुईपेक्षा मोलाची. नळी लगेच काढू नये. चघळू-गिळू लागली की फुगा थोडा भरलेलाच ठेवून ओढायची, म्हणजे नळीवर साठलेला चोथा-लाळही बाहेर येते.

झायलाझिनचा उतारा: योहिंबिन किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, ५०० किलोला ५० मिलिग्रॅम, १० मिलिग्रॅमवाल्या बाटलीतून ५ मिली, सावकाश. घोड्यात आणि कुत्र्यात जसं चटकन दिसतं तसं गुरांत दरवेळी दिसत नाही. टोलाझोलिन गुरांत भरवशाचं, पण पटकन शिरेत गेलं तर रक्तदाब कोसळतो. अ‍ॅटिपामेझोल चांगलं आणि महाग. केटामाइन दिल्याला अर्धा तास झाल्याशिवाय यांतलं काहीच देऊ नये. झायलाझिन उतरतं, केटामाइन उरतं आणि म्हैस ताठ होऊन धडपडते. पाऊण मिलीवर उरकलेल्या कामात उताऱ्याची सुई बहुतेक वेळा पेटीतच राहते.

उठायची घाई मालकाला असते. त्याला पाणी तापवायला, नाहीतर पेंढा आणायला पाठवावं. आपण होऊन उठली की शेपटीला धरून एक माणूस, पण ओढायचं नाही, तोल सावरायचा. नीट उभी राहून दहा पावलं चालली की पाणी, दोन-तीन तासांनी मूठभर सुका पेंढा. ढेप आणि हिरवी वैरण दुसऱ्या दिवशी. त्या दिवसाचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं दूध वेगळ्या कॅनमध्ये काढून ओतून द्यायचं. कॅनवर खडूने फुली मारल्याशिवाय आम्ही तबेल्यातून निघत नाही, कारण पहाटे तीनला दूध काढणारा माणूस वेगळाच असतो.